बुंद्याचे तळवे

माझं अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नव्हतं, तेव्हा त्याची माफी आधीच मागून ठेवते. चौथीपुढची शाळा पूर्णेला होती. गाडीनं एकटीनं जायचं, खिडकीशी उभं राहून तिकीट मागायचं, एवढ्याचीच मला इतकी लाज वाटायची की मी घरीच राहिले आणि कुणी फार आग्रहही केला नाही. त्यानंतर माझ्या हातून लिहिलं गेलं ते दळणाच्या डब्यावरचं नाव आणि किराणाची यादी, एवढंच. ही वही नातवाची, मागची पानं कोरी राहिलेली. दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा लिहिते आणि पिठाच्या डब्यामागे ठेवते. कुणाला दाखवायला लिहीत नाही, तरी एखादीच्या हाती पडली तर तिनं चुका पोटात घालाव्यात.

निमित्त झालं ते सुनेनं मागवलेल्या एका डबीचं. आम्ही आता परभणीत राहतो आणि घरात एक कुत्रा आहे, पांढरा, केसाळ, फरशीवर वाढलेला. उन्हाळ्यात गच्चीवर पळून पळून त्याचे तळवे कोरडे पडले, खरखरीत झाले, भेगा गेल्या. सुनेनं मोबाईलवरून मलम मागवलं. डबी लिंबाएवढी आणि किंमत तीनशे रुपये. "आत्याबाई, तुमीच लावा, मला गुरकावतंय," असं म्हणून तिनं डबी माझ्या हातात दिली. मी झाकण काढून वास घेतला आणि मला हसू आलं. आत मेण होतं आणि तेल होतं. माझ्या मायच्या कुंकवाच्या डबीला हाच वास यायचा. मी फरशीवर बसले, कुत्र्याचा पाय मांडीवर घेतला आणि माझी बोटं आपोआप कामाला लागली. सून बघत राहिली. हे कुठं शिकलात, असं तिनं विचारलं. मी नुसतीच मान हलवली, पण ते विचारणं मनात राहिलं, म्हणून लिहिते.

आम्ही तेव्हा चुडाव्याच्या स्टेशनाजवळ रेल्वेच्या क्वार्टरात राहायचो. एक खोली, पुढं पडवी, काळ्या दगडाच्या भिंती आणि दारात लिंबाचं झाड. रूळ घराच्या इतके जवळ की गाडी आली की उतरंडीतली गाडगी एकमेकांना लागून वाजायची, आणि माय भाकरी थापता थापता थांबून एका हातानं उतरंड धरायची. ती लहान लाईन होती, अरुंद रुळांची, गाड्याही दिवसातून मोजक्याच. दादा, म्हणजे माझे वडील, चावीवाले होते. रूळ ज्या लोखंडी पाचरींनी जागच्या जागी धरलेले असतात त्यांना चावी म्हणायचे. गाड्या जाऊन जाऊन त्या सैल होतात. दादा रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना, काखेत लाल-हिरवी झेंडी घेऊन निघायचे, एकेक चावी बघत, ढिली असेल ती ठोकत आपली हद्द संपेपर्यंत जायचे आणि तसेच बघत परत यायचे. फडक्यात तीन भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यावर धार धरायला छोट्या बाटलीत करडईचं तेल. तीनपैकी एक भाकरी बुंद्याची.

बुंद्या हा आमचा कुत्रा. बाजूच्या रुळावर उभ्या असलेल्या मालडब्याखाली दादांना तो पिलू असताना सापडला होता. अंग पिवळट, त्यावर लालसर ठिपके, कुणी अंगावर बुंदी सांडावी तसे. म्हणून बुंद्या. लोक म्हणायचे, चावीवाल्याला कुत्र्याचा भारी नाद. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती फक्त आम्हा तिघांना माहीत होती. दादांना ऐकू येत नव्हतं. लहानपणी कान फुटले होते, आणि पुढं वर्षानुवर्षं लोखंडावर लोखंड आपटून जे काही उरलं होतं तेही गेलं. समोरून बोललं तर ओठांवरून त्यांना बरंच कळायचं. न कळलेल्या बोलण्यावर ते हसून मान हलवायचे, त्यामुळे ते अबोल आणि गोड माणूस म्हणून ओळखले जायचे. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगच्या मुकादमाला कळलं तर लाईनीवरून काढतील, क्वार्टर जाईल, ही एक भीती. आणि ऐकू न येणारा माणूस रोज रुळांतून चालतोय, ही दुसरी, जी माय तोंडावर आणायची नाही. "कुणापुढं बोलू नको," एवढंच तिनं मला एकदा बजावलं होतं. मी तशीही कुणापुढं काहीच बोलत नव्हते.

दादांचं ऐकायचं काम बुंद्या करायचा. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. रूळ गुणगुणायला लागायच्याही आधी त्याला गाडी कळायची. तो थांबायचा, कान उभे करायचा, मागं फिरून आपलं ओलं नाक दादांच्या उघड्या पोटरीला लावायचा आणि मग खडीवरून खाली उतरून गवतात जाऊन बसायचा. तो उतरला की दादा उतरायचे. घरीसुद्धा तसंच. मायनं चुलीपासून हाक मारली की बुंद्या उठून दादांना नाक लावायचा, आणि दादा वळून, "काय म्हणलीस?" असं अगदी ऐकल्यासारखं विचारायचे. माय म्हणायची, "माज्या नवऱ्याला हाक मारायची तर आधी कुत्र्याची परवानगी लागती बाई." दादा ओठ बघून हसायचे.

रुळांमधली खडी फार वाईट. काळी, धारदार, आणि चैत्र लागला की तव्यासारखी तापलेली. दादांच्या पायांत जाड चपला असायच्या, बुंद्याला काही नाही. म्हणून संध्याकाळी त्याचे पाय बघायचं काम माझ्याकडे होतं. कोमट पाण्यात एकेक पाय बुडवून धुवायचा, बोटांच्या बेचक्यांतून खडे आणि सराटे काढायचे, मग फडक्यानं नीट टिपायचं. ओल राहिली तर बेचक्यात कातडी पांढरी पडते. नंतर तळव्याच्या गाद्यांना करडईचं तेल चोळायचं. कुत्र्याचा तळवा मऊ असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी रुळावरच्या कुत्र्याचा पाय धरून बघावा. वाळलेल्या चिंचेच्या सालीसारखा लागायचा. मला ते काम आवडायचं. माणसांशी बोलताना माझी मान वर होत नसे, पण बुंद्याला मी दिवसभराचं सगळं सांगायची. तोही ऐकताना एक डोळा मिटून पडायचा. आता सुनेचा कुत्रासुद्धा तसाच एक डोळा मिटतो, तेव्हा मला वाटतं ही सगळी एकाच घराण्यातली असावीत.

त्या वर्षी ऊन फार होतं. बुंद्याच्या पुढच्या दोन्ही पायांच्या गाद्यांना भेगा गेल्या, इतक्या खोल की तेल चोळताना तो पाय ओढून घ्यायचा. एक दिवस तो लंगडत परत आला. दादांनी जेवताना दोनदा त्याच्याकडे बघितलं आणि भाकरी अर्धीच ठेवून उठले. बुंद्या चालला नाही तर काय, हे तिघांनाही कळत होतं. मला वाटलं, आपणच काहीतरी केलं पाहिजे, आणि लगेच.

आमच्याकडे माणसाच्या टाचेला भेगा पडल्या की बिब्बा लावायचे. सुईच्या टोकाला बिब्बा खोचून दिव्यावर धरायचा, त्यातून काळं तेल सुटतं, ते थेंबभर भेगेत सोडायचं. चटका बसतो, पण दुसऱ्या दिवशी माणूस कामाला उभा राहतो. दर उन्हाळ्यात माय दादांच्या टाचा अशाच भरायची. मी मनाशी म्हटलं, पाय तो पाय. माय पाण्याला गेली होती, दादा झोपले होते. मी मायच्या डबीतून बिब्बा काढला, रॉकेलची चिमणी लावली आणि बुंद्याच्या दोन्ही पायांच्या भेगांत बिब्ब्याचं तेल सोडलं. तो एकदा कुईं करून ओरडला, पण माझा हात होता म्हणून उठला नाही. मी त्याला शाबासकी दिली आणि डबी जागेवर ठेवून दिली.

कुत्रं पाय चाटतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. माणूस टाच चाटत नाही.

सकाळी बुंद्याचे पाय सुजून गाडग्याच्या तोंडाएवढे झाले होते, फोड आले होते, आणि ओठ, नाक सगळं सुजून तो ओळखू येत नव्हता. डोळे मात्र माझ्याकडेच. मायनं एकदाच बघितलं आणि तिला कळलं. "बिब्बा उतलाय ह्याला. कुत्र्याचं कातडं आन माणसाची टाच एकच वाटली का गं तुला?" तिनं मारलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं तीळ आणि सुकं खोबरं पाट्यावर वाटलं आणि लेप द्यायला बसली. दादांना तिनं ओठ हलवून सांगितलं, तापलेल्या रुळावर पाय पडला असंल. त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "भाकर घेऊन तू जा संगं. आन पुढं चाल. मागं राहू नको."

अशी मी बुंद्याच्या जागी लागले. दादांनी नको म्हटलं नाही, काही विचारलंही नाही. मी दहा पावलं पुढं, ते मागं चाव्या ठोकत. गाडी ऐकू आली की मी वळून हात करायची आणि खाली उतरायची. दिवसभरात आम्ही एक शब्द बोलत नसू. मला लाज वाटायची, आणि त्यांनाही वाटत असावी, कारण मी वळले की ते लगेच चावीकडे बघायचे.

घरी बुंद्याची सूज उतरली, पण फोड फुटून पाय चिघळले. स्टेशनाजवळ शकूरचाचांचं चहाचं दुकान होतं, एक बाकडं, एक भट्टी. त्यांच्या शेळीचं खूर सडलं होतं तेव्हा त्यांनी पूर्णेच्या ढोरांच्या दवाखान्यातून मलम आणलं होतं, हे मला माहीत होतं. मी रिकामा तांब्या घेऊन दुकानापुढं जाऊन उभी राहिले. लोक चहा पिऊन गेले, दुसरे आले, मी उभीच. शेवटी चाचा म्हणाले, "बेटा, जबान घर पे रखके आती क्या तू?" बाकड्यावरचे हसले. मी हात पुढं केला. बिब्ब्याचं तेल लागून माझ्याही दोन बोटांना फोड आले होते. त्यांनी बोटं बघितली, मग आमच्या क्वार्टराकडे बघितलं, आणि हलक्या आवाजात विचारलं, "कुत्ते को लगाई?" मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी साखर आणायला ते पूर्णेला गेले आणि येताना मलमाची नळी घेऊन आले. नऊ रुपये लागले. "होंगे तब देना," एवढंच म्हणाले. मलम लावून वर फडकं बांधायचं आणि ते सुकेपर्यंत बुंद्याच्या तोंडापुढं भाकरीचे तुकडे धरून बसायचं, म्हणजे तो चाटत नाही. माझ्या वाटणीची अर्धी भाकरी रोज त्यात जायची.

लाईनीवर जायला लागून आठ दिवस झाले असतील. दुपारची वेळ, वारा सुटलेला. वळणावर दोन्ही बाजूंनी बाभळी आहेत, तिथं माझ्या चपलेतून काटा वर आला. मी खाली उतरून बांधावर बसले आणि काटा काढायला लागले. दादा ठोकत ठोकत माझ्यापुढं निघून गेले. माय म्हणाली होती, मागं राहू नको. काटा निघाला आणि मी मान वर केली तेव्हा वळणामागून नुसतं इंजिन येत होतं, मागं एकही डबा नाही. त्या वेळेला कुठलीच गाडी नसायची. दादा रुळांच्या मध्ये वाकून चावीवर घण घालत होते, पाठ इंजिनाकडे. इंजिनानं शिट्टी दिली. मी ओरडले. जन्मात ओरडले नव्हते इतक्या मोठ्यानं "दादा" म्हणून ओरडले, आणि ओरडतानाच मला कळलं की ह्याचा काही उपयोग नाही. पळत गेले असते तरी पोचले नसते. मी खडीतला एक दगड उचलला आणि माझ्या बापाच्या पाठीत मारला.

दगड बरोबर बसला. ते भडकून वळले, हात वर उचललेला, आणि त्यांना मी दिसायच्या आधी इंजिन दिसलं. हातोडा तसाच सोडून त्यांनी बाजूला उडी टाकली. इंजिन निघून गेलं. वाऱ्यानं त्यांचं मुंडासं बाभळीत नेऊन अडकवलं होतं.

मी जागची हलले नाही. दादा चालत आले, माझ्या शेजारी बांधावर बसले, सदऱ्याखाली हात घालून पाठ चोळली. मग म्हणाले, "नेम चांगला हाय तुजा."

मला रडू फुटलं. ते माझं तोंड बघत होते, कारण मी काय म्हणते ते त्यांना तिथूनच कळणार होतं. मग त्यांनी जे कधी घरातसुद्धा म्हटलं नव्हतं ते म्हटलं.

"मला ऐकू येत न्हाई, कौसे. काहीच येत न्हाई."

"मला म्हाईत हाय," मी म्हटलं. "दादा, बुंद्याच्या पायाला बिब्बा म्या लावला. रुळानं न्हाई भाजला त्यो."

"म्हाईत हाय. सकाळी उठलो तवाच वास आला. कान गेलेत माजे, नाक हाय की."

मी मलमाचे नऊ रुपयेही सांगून टाकले. एवढं मी त्यांच्याशी एका वेळी कधीच बोलले नव्हते. त्यांनी ऐकून, म्हणजे बघून घेतलं आणि म्हणाले, "तुजे तू फेड. म्या देनार न्हाई." तेव्हा ते मला कठोर वाटलं. आता कळतं, त्यांनी माझ्या अंगावरचं ओझं उतरवायची वाट दाखवली होती. मग त्यांनी बाभळीतून मुंडासं काढलं, हातोडा उचलला आणि राहिलेल्या चाव्या बघायला निघाले. मी पुढं, ते मागं. त्या दिवशी मी दर दहा पावलांनी वळून बघत होते आणि ते दर वेळी माझ्याकडेच बघत होते.

महिनाभरात बुंद्याच्या पायांवर नवी कातडी आली, गुलाबी, बाळाच्या टाचेसारखी. ती पुन्हा फाटू नये म्हणून मायनं तिची कुंकवाची डबी उघडली. कुंकू कपाळाला धरावं म्हणून बायका खाली मेण लावायच्या, त्या मेणाचा चांगला मोठा तुकडा तिनं काढून दिला. करडईच्या तेलात ते मेण मंद जाळावर वितळवून, निववून आम्ही घट्ट मलम केलं. सकाळी निघताना पातळ थर, म्हणजे खडीचा चटका कमी लागतो, आणि रात्री जाड थर. माय म्हणायची, "कपाळाचं पायाला लावायलेय म्या, कुणाला सांगू नका." पण दादा सकाळी निघायचे तेव्हा ती दारातून आधी बुंद्याचे पाय बघायची आणि मग स्वतःच्या कपाळाला बोट लावायची. बुंद्या पुन्हा लाईनीवर निघाला त्या पहिल्या दिवशी मी त्याच्या आणि दादांच्या मागं अर्ध्या वाटेपर्यंत गेले. बुंद्या नीट चालतोय, थांबतोय, नाक लावतोय, हे बघितलं आणि परत फिरले.

नऊ रुपये फेडायला मला पुढचा उन्हाळा लागला. त्या दिवसांत स्टेशनापलीकडे एका व्यापाऱ्याकडे चिंचा फोडायचं काम निघायचं. बोटं आंबून जायची, आणि दिवसाला हातात काही नाणी पडायची. त्यातली थोडी मी चाचांना नेऊन द्यायची. द्यायची म्हणजे बाकड्याच्या टोकावर ठेवून, मान खाली घालून पळून यायची. चाचा मागून ओरडायचे, "गिनके तो जा!" मी कधी थांबले नाही. पण मनात हिशोब होता.

शेवटचा सव्वा रुपया राहिला होता. तो घेऊन गेले तेव्हा दुपारची पॅसेंजर यायची होती आणि बाकडं भरलेलं होतं. गँगमधली माणसं होती, मुकादम होता. टोकाला दादा पाठमोरे बसून चहा पीत होते आणि बुंद्या त्यांच्या पायांशी लोळत होता, चारही तळवे वर करून. मऊ होते. लांबूनही मेणानं चमकताना दिसत होते. मी नाणी बाकड्यावर ठेवली नाहीत. भट्टीपाशी गेले, चाचांच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, "चाचा, फिटले. मोजून घ्या."

आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. वळणावर एकदा ओरडल्यापासून तो आत कुठंतरी तसाच राहिला असावा. सगळे वळून बघायला लागले. "आवाज हाय की चावीवाल्याच्या पोरीला," मुकादम म्हणाला. सगळे हसले आणि दादांकडे बघायला लागले. पोरगी एवढ्यांदा बोलली आणि बाप वळला नव्हता. दादा तसेच पाठमोरे, बशीतल्या चहावर फुंकर घालत.

बुंद्या उठला. माझा आवाज त्यालाही नवा होता. त्यानं कान उभे केले, माझ्याकडे बघितलं, आणि वळून नाक दादांच्या पोटरीला लावलं.

दादा सावकाश वळले. माझ्याकडे बघितलं, चाचांच्या हातावरच्या नाण्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "फिटले का समदे? बरं झालं."